ल्यूक साहेबाची गोष्ट आणि तुमचं गप्प बसणं

सर, उद्या शाळेच्या सभागृहात तुमची शोकसभा आहे. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव सगळ्यात वर घातलंय. ‘डी. एच. सरांचे विद्यार्थी, सहकारी आणि जिवलग मित्र रफिक सर.’ मी निरोप धाडला की घसा बसलाय. घसा ठणठणीत आहे. पण माईकसमोर उभं राहून जे बोलावं लागेल ते मला बोलायचं नाही, आणि जे बोलायचंय ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. तुम्हाला जाऊन आज आठ दिवस झाले. माझ्या रागाला सात, कारण तो दुसऱ्या दिवशी तुमच्या चितेशेजारी सुरू झाला.

सुरुवात मात्र रागाने करत नाही. तुमच्या ल्यूक साहेबापासून करतो.

आम्ही आठवीत असताना तुम्ही फळ्यावर ‘ल्यूकवॉर्म’ लिहिलंत आणि अर्थ सांगितलात, कोमट. मग नेहमीसारखी अहिराणीत फोड करून दिलीत, “नही गरम, नही थंडं. अंग धोवाना पानीसारखं.” मी पहिल्या बाकावरून विचारलं, “सर, वॉर्म म्हंजे गरम. मंग ल्यूक कोन?” तुम्हाला ते माहीत नव्हतं. हे आज कळतं, कारण आता मीही मास्तर आहे, आणि उत्तर येत नसलं की मास्तर किती वेळ बोटांवरचा खडू झटकत बसतो ते मला ठाऊक आहे. तुम्ही खडू झटकलात, खिडकीबाहेर पाहिलंत आणि ल्यूक साहेबाला जन्माला घातलंत. तो म्हणे इंग्रजांच्या काळात तोरणमाळला हवा खायला यायचा. त्याला कढत चहा सोसत नसे आणि गार चहा आवडत नसे. खानसामा बशी धरून फुंकर घालत उभा, आणि साहेब दर मिनिटाला बोट बुडवून बघतोय. शेवटी त्या चहालाच बंगल्यात नाव पडलं, ल्यूकवॉर्म. वर्ग खो खो हसला. तालुक्यातल्या दोन पिढ्या तो साहेब डोक्यात घेऊन फिरताहेत. म्हसावदच्या बाजारात अजूनही एखादा जुना विद्यार्थी मला अडवतो आणि विचारतो, “सर, ल्यूक साहेब काय म्हनस?”

मीही तो साहेब बरोबर घेऊन एम. ए.च्या तोंडी परीक्षेला गेलो. बाहेरगावच्या परीक्षकांनी शब्दांच्या मुळाबद्दल काहीतरी विचारलं, आणि मी मोठ्या ऐटीत तोरणमाळ, खानसामा, बशी सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, “हे तुम्हाला कुणी शिकवलं?” मी तुमचं नाव घेतलं नाही. असंच कुठेतरी ऐकलं, म्हणालो.

बाहेर पडलो तो थेट ग्रंथालयात. जाडजूड कोश काढला. ल्यूक नावाचा कुणी माणूस नव्हताच, सर. शेकडो वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘ल्यूक’चाच अर्थ कोमट. पुढे बहुतेक लोक तो अर्थ विसरत चालले, म्हणून कुणीतरी त्याच्या मागे ‘वॉर्म’ बांधला. आपण पावरोटी म्हणतो तसं. पाव म्हणजेच रोटी, पण एकट्या पावावर कुणाचा भरवसा बसेना म्हणून जोडीला रोटी. मला इतका आनंद झाला की परीक्षेतली फजिती विसरलो. एसटीतून उतरून घरी न जाता तुमच्याकडे आलो. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “तुन्हं पुस्तक खरं शे भो. पन मन्हा ल्यूक पोरेस्ना ध्यानमा ऱ्हास. तुन्हा ऱ्हास का?”

पुढच्या वर्षी मी त्याच शाळेत नोकरीला लागलो, आणि पहिल्याच महिन्यात शेजारच्या वर्गातून मला पुन्हा खानसामा ऐकू आला. यावरून आपण वीस वर्षं भांडलो. मी म्हणायचो, तुम्ही मुलांना खोटं शिकवता. तुम्ही म्हणायचात, खरं शिकवून कुणाच्या लक्षात राहिलंय? त्या भांडणात कधी कडवटपणा आला नाही. ज्याच्याशी भांडायची भीती वाटत नाही तो आपला माणूस, असा माझा सरळ हिशेब होता.

तो हिशेब उगाच नव्हता. माझे अब्बा पिंजारी. शहाद्यात आमचं कापूस पिंजायचं दुकान, दाराशी यंत्र, आत कापसाचा धुरळा. दहावीनंतर मला गादीवर बसवायचं त्यांनी पक्कं केलं होतं. तुम्ही दुकानात आलात, धुरळ्यात अर्धा तास उभे राहिलात, तुमच्या केसांवर आणि भुवयांवर कापूस बसला, आणि तुम्ही अब्बांना म्हणालात, “याले आठे बठाडू नका चाचा. हाऊ पोऱ्या शिकी.” अब्बा हो म्हणाले नाहीत. मग तुम्ही रजई भरायला टाकलीत. ती न्यायला आलात तेव्हा पुन्हा तेच बोललात. मग दुसरी रजई. तुमच्या घरात माणसं चार आणि रजया नऊ झाल्या तेव्हा अब्बांनी हार मानली. हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर आज इतका जीव जळला नसता.

मग आपली शब्दांची वही. कल्पना तुमची होती. आपली पोरं घरी अहिराणी बोलतात, डोंगराकडून आलेली भिली आणि पावरी बोलतात. त्यांना इंग्रजी शब्दाचा अर्थ पुस्तकी मराठीत सांगणं म्हणजे एका परक्याची ओळख दुसऱ्या परक्याने करून देणं. म्हणून आधी इंग्रजी शब्द, पुढे मराठी, पुढे अहिराणी आणि खाली एक वाक्य. दर रविवारी सकाळी लोणखेड्याला तुमच्या कॉलनीत, तुमच्या ओट्यावर. काकू चहा आणायच्या आणि म्हणायच्या, “व्हयना का तुमना ए?” आपला ए दीड वर्ष चालला. के संपेपर्यंत नऊ वर्षं गेली, कारण एका शब्दाला आपण दोघं अर्धा तास घ्यायचो आणि त्यातली वीस मिनिटं भांडायचो. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या सकाळी त्याच.

अशाच एका सकाळी तुम्ही शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडे बोट दाखवलंत. मालक सुरतेला जाऊन राहिला होता, त्याला विकायचा होता. तुम्ही म्हणालात, “घी टाक ना भो. मंग ऐतवारनी वाट देखानी नही.” मी विचारलं नव्हतं, सर. तुम्ही होऊन म्हणालात, घेऊन टाक. दुसऱ्या दिवशी मी शमीमला प्लॉट दाखवायला आणलं. माझी बायको सहसा कशाला भुलत नाही. पण त्या दिवशी तिने चप्पल काढून पावलांनी स्वयंपाकघर मोजलं, आणि खिडकी काकूंच्या ओट्याकडे काढायची म्हणजे दोघींना हात लांबवून वाटी देता-घेता येईल, असं ठरवून टाकलं. मुलगी कॉलेजला पायी जाईल हेही ठरलं. काकूंनी तिथल्या तिथे तिला कढीपत्त्याचं रोप काढून दिलं. ते आम्ही कुंडीत लावलं, तात्पुरतं.

तुमच्या कॉलनीची एक रीत होती. नवा माणूस यायचा असला की घरटी एकाने मारुतीच्या सभामंडपात बसायचं आणि ना-हरकत द्यायची. हात वर करणं, मतं मोजणं असलं काही नाही. सगळ्यांत वडील माणूस आधी बोलतो, बाकीचे माना डोलावतात, चहा येतो, झालं. सगळ्यांत वडील तुम्ही होतात. मी निश्चिंत होतो. मी बाहेरचा, म्हणून मला बैठकीचं बोलावणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत तुम्ही मला सायकल स्टँडजवळ गाठलंत. माझ्याकडे न बघता म्हणालात, “लोकेस्ना मनमा नही शे रफिक. मी तुन्हाकरता भलता बोलनू. पन एकटाना काय चालस? थोडा दम धर, देखूत.”

लोकांच्या मनात नाही म्हणजे काय, ते तुम्ही फोडून सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही. पिंजारी आडनावाच्या माणसाला ते फोडून सांगावं लागत नाही. मी वर्षभर दम धरला. मग प्लॉट खताच्या दुकानवाल्याने घेतला आणि त्यावर दोन मजले चढवले. मी तुमच्या कॉलनीवर चिडलो, तिथल्या बाकीच्या बारा घरांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. तुमच्यावर चिडलो नाही. तुमच्याबद्दल फक्त एक बारीक काटा राहिला. तुम्ही बोललात, ठीक. पण किती बोललात?

तो काटा मी तुम्हाला दाखवायला नको होता. पण वही एलवर आली आणि ल्यूकवॉर्म समोर उभा राहिला. मी अर्थ लिहिला आणि खाली वाक्य लिहिलं, ‘माझ्या मित्राने मला कोमट पाठिंबा दिला.’ तुम्ही वाचलंत. लाल पेनने आडवी रेघ मारलीत आणि लिहिलंत, ‘आजाऱ्याने कोमट पाण्याने आंघोळ करावी.’

मी म्हणालो, “सर, पाणी मुलांना कळतं. दुसरा अर्थ शिकवावा लागतो. इंग्रजीत पाणी कोमट असलं तर चांगलं, आणि माणूस कोमट असला तर ती नालस्ती.”

“मानूस कोमट ऱ्हास, कारन त्याले भांडन नको ऱ्हास,” तुम्ही म्हणालात. “त्यामा वाईट काय शे?”

“ज्याला थंडी वाजते त्याला विचारा.”

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. तुम्ही वही मिटलीत आणि पावसापाण्याचं बोलायला लागलात. मग रविवार एकाआड एक झाले, मग महिन्याचे, मग ईदला तुम्ही आणि दिवाळीला मी. तुम्ही शाळेतून निवृत्त झाल्यावर तेही घाईघाईचं. वही एलवरच राहिली. दोघांनाही वाटलं असेल की दुसऱ्याने आधी यावं.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट ऐका, कारण ती तुम्हाला सांगायची राहून गेली. नववीला धडा शिकवायचा म्हणून मी पुन्हा तो शब्द काढला. या वेळी आणखी मागे गेलो. जाणकार म्हणतात की ल्यूकच्याही मागे बहुतेक एक फार जुना शब्द आहे, आणि त्याच्या कुळात आडोशाचा अर्थ आहे. वारा लागत नाही अशी जागा. जहाजावरची माणसं अजून त्याच कुळातला एक शब्द वापरतात, वाऱ्याकडे पाठ असलेल्या बाजूसाठी. म्हणजे हा शब्द पाण्याचा नव्हता, चहाचा तर नव्हताच. ऊब कशाने आली? विस्तवाने नाही, वारा अडला म्हणून.

मी वर्गात खुर्चीवर बसून राहिलो. मला अब्बांच्या दुकानाच्या दारात कापसाने पांढरे झालेले तुम्ही दिसलात. मला वाटलं, हेच तर होते सर. विस्तव नव्हते, आडोसा होते. आडोशाने कुणासाठी भांडावं अशी अपेक्षा आपण का धरली? तो नुसता उभा असतो, आणि तेवढ्याने आपण वाचतो. माझा काटा तिथल्या तिथे निघाला. मी एका कार्डावर सगळं नीट लिहिलं, आणि खाली लिहिलं, ‘ल्यूक साहेब माफ. एम सुरू करूया.’ रविवारी येणार होतो. तुम्ही शुक्रवारी दुपारी गेलात, जेवून आडवे झालात ते उठला नाहीत.

शनिवारी सकाळी गोमाई नदीच्या काठावर मी तुम्हाला खांदा दिला. कार्ड शर्टाच्या खिशात होतं, चितेवर ठेवावं असं मनात होतं, पण गर्दीत जमलं नाही. लाकडं पेटली आणि आम्ही बाजूला जाऊन बसलो. शेजारी तुमच्या समोरच्या घरातले गुलाबआप्पा येऊन टेकले, एसटीतून निवृत्त झालेले. कधीतरी बोलायचंच होतं म्हणून बोलावं, तसे ते बोलले.

“सर, तुम्ही आम्हनाकडे ऱ्हावाले उनात नही, ते मन्हा मनले लागेल शे. आम्हना काही इरोध नही व्हता. खरं सांगस.”

मी म्हणालो, “आप्पा, सर बोलले होते. तुम्हीच ऐकलं नाही.”

आप्पांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “कोन बोलनं? त्या दिन सर बठनात, तोंड उघाडं नही त्यास्नी. आम्ही समदा त्यास्ना तोंडकडे देखी ऱ्हायनूत. त्या हो म्हनतात, ते आम्ही काय नही म्हनतूत? पन त्या चूप. आम्हले वाटनं, सरना एवढा जवळना मानूस, आनि तरी सर बोलतस नही, म्हंजे सरले काहीतरी माहीत व्हई. मंग आम्हीबी चूप. चहा उना, पिनूत, उठी गयूत.”

मी पुन्हा विचारलं, एक शब्दही नाही? आप्पा म्हणाले, एकही नाही. समोर लाकडं तडतडत होती. मी ते कार्ड खिशात दाबून धरलं.

म्हणजे असं झालं, सर. बारा माणसं हो म्हणायला तयार बसली होती. त्यांना फक्त तुमचा इशारा हवा होता. तुम्ही मूग गिळून बसलात, आणि तुमच्या गप्प बसण्यालाच त्यांनी माझ्याविरुद्धचा पुरावा मानलं. तुम्ही विरोध केला असता तर निदान कुणीतरी विचारलं असतं की का. एखाद्याने माझी बाजू घेतली असती. तुमच्या मौनाशी भांडणार कोण? आणि दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडजवळ तुम्ही ते मौन त्या बारा जणांच्या माथी मारलंत, वर माझ्यासाठी भांडल्याचं श्रेयही घेतलंत. मी त्या लोकांना इतकी वर्षं शिव्या दिल्या. गुलाबआप्पांच्या नातीचं लग्न मी मुद्दाम टाळलं. मी कुणाकुणाचा अपराधी झालो ते तुमच्यामुळे.

का गप्प बसलात? मी रोज नवं कारण शोधतो. आधी दुसऱ्या कुणीतरी नको म्हणावं, असं तुम्हालाच वाटत होतं? की रविवारी येणारा मी बरा होतो आणि रोज शेजारी दिसणारा मी जड झालो असतो? की त्या क्षणी तुम्हीही बाकीच्यांच्या तोंडाकडे बघत होतात, कुणीतरी दुसरा आधी बोलेल म्हणून? हे शेवटचं मला सगळ्यात खरं वाटतं, आणि सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. तुम्ही दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर माझं काम सोपं झालं असतं. आडोशाचा तो सुंदर अर्थ मी तुमच्यासाठी जपून ठेवला होता. तो तुम्हाला देववत नाही. आडोसा वारा सुटल्यावर लागतो, सर. वारा नसताना तर कुठलीही भिंत उभी असते.

पाचव्या दिवशी मी आणि शमीम तुमच्या दारावर आलो. शमीमला मी सगळं सांगितलं होतं. ऐकून ती पदर सावरून उठली आणि गॅलरीतल्या कुंडीला पाणी घालून आली. काकू आतल्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या. भिंतीशी तुमच्या रजयांची घडी, अब्बांच्या हातची, टाके अजून धड आहेत. शमीम त्यांच्याजवळ बसली. मग काकूंनी माझा हात धरला.

“रफिक, तुले एक इचारू? तू ऐतवारले येनं बंद करं ना, ते त्यास्ना मनले भलतं लागनं व्हतं. त्या माले म्हनेत, मी रफिककरता समदी कॉलनीशी भांडनू, तरी त्याले वाटस मी काही करं नही. शेवटलोंग हाईच म्हनेत.” त्यांनी धरलेला माझा हात हलवला. “भांडनात ना रे त्या? तुले तरी माहीत शे ना?”

शमीम माझ्याकडे बघत नव्हती. ती काकूंच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि तो हात थांबला.

मी म्हणालो, “हो काकू. खूप भांडले. मला परवा गुलाबआप्पांनीही सांगितलं.”

काकू रडल्या, मोकळ्या होऊन रडल्या. म्हणाल्या, “आते माले बरं वाटनं.” माझ्यासाठी पाणी मागवलं. निघताना त्यांनी शमीमला विचारलं, कढीपत्ता जगला का. शमीम म्हणाली, जगला, चांगला डोक्याएवढा झालाय.

मोटरसायकलवरून आम्ही शहाद्याच्या नाक्यापर्यंत आलो. तेव्हा ती मागून म्हणाली, “अच्छा किया. पर मेरेकू फिर कभी मत बोलना के वो तुम्हारे दोस्त थे.”

तिला द्यायचं उत्तर तुम्हाला सांगतो. तुमच्यासाठी खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही, सर. तुम्हाला तर नुसतं खरं बोलायचं होतं. बारा ओळखीची माणसं होती, चहा यायचा होता, आणि तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं होतं, हा माझा माणूस आहे.